बिनपगारी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते झिरा, म्हणजे नदीच्या रेतीतला पाण्याचा खड्डा, उपसायचं. मार्गशीर्षाची सकाळ होती. पूर्णेच्या रेतीत पाय ठेवला की टाचा बधिर व्हायच्या. ती खाली वाकून घमेल्यात रेती भरत होती आणि मी घमेलं उचलून रेती फेकत होतो. जवळ फेकली की म्हणायची, "तथी टाकसान तं परत अथीच येईन. हात मोडले का तुमचे?" लांब फेकली की म्हणायची, "तिकडं काहून टाकता? तो उतार हाय, लोकं उतरतीन."

मी म्हणालो, "मंग डोक्यावर घेऊन बसू का?"

"बसा. फेटा तसाही उरला नाही तुमचा."

खड्ड्यात पाणी पाझरलं. गढूळ निवळेपर्यंत ती उकिडवी बसून राहिली. मग ओंजळ भरली, तोंडात खळबळून पहिला घोट थुंकला, दुसरा गिळला आणि म्हणाली, "गोड." जसं काही पाण्याला पास केलं.

आम्ही तिथेच भाकरीचं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. खाताना ती म्हणाली, "उद्या त्या खुंटाची चिंधी बदलून टाकू. पार पांढरी पडली. अन् परवा दाजीकडं जाऊ, अंबाडीचं बोलाले." मी हो म्हणालो. हो म्हणायला काय लागतं.

त्यानंतर काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ती कशी होती ते सांगितलं पाहिजे, नाहीतर कोणाला वाटेल बुढा बायकोसाठी रडून राहिला. रडतो मी, ते वेगळं.

मी तिसरी शिकलेला माणूस. बांधकाम खात्यात खलाशी होतो. पूर्णेच्या काठावर खात्याची एक खोली होती आणि एक डोंगा होता. पुराचं पाणी मोजायचं, साहेब आले तर त्यांना पलीकडे न्यायचं, आणि पावसाळ्यात लोकांना उतरवायचं, हे माझं काम. त्या वेळी तिथे पूल नव्हता. आमच्याकडची माती काळी. पाऊस पडला की बैल पोटापर्यंत रुततो, गाडी निघत नाही. मग गावोगावचे लोक नदीनंच जायचे-यायचे. वरच्या गावापासून खालच्या गावापर्यंत पाण्याची एक वाटच होती म्हणा. भोयांचे डोंगे होते, आमचा सरकारी होता. आमच्या डोंग्यात सगळे बसायचे. आम्ही कोण ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण सरकारी डोंग्याला विटाळ नसतो.

पगार मला होता. ती वाट सांभाळायचं काम मात्र तिनं केलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. उतारावरची बाभळीची झुडपं तोडायची, चिखलात दगड बसवून पायऱ्या करायच्या, पुरानं वाहून आलेली झाडं पात्रातून ओढून काढायची, आणि जागोजागी रेतीत गोडं पाणी शोधून झिरा मोकळा ठेवायचा. गावातले लोक तिला खलाशीण म्हणायचे. एका ओव्हरसियर साहेबानं एकदा तिला विचारलं, "बाई, तुम्हाला कोणत्या हेडमधून पगार मिळतो?" ती म्हणाली, "मी बिनपगारी हावो साहेब." तेव्हापासून तिचं नाव बिनपगारी पडलं. तिला ते फार आवडायचं. लेकीच्या सासरी अकोल्याला गेली तरी सांगायची, "हे पगारी, मी बिनपगारी."

तिचं खरं नाव मी लिहीत नाही. ती होती तेव्हा कधी घेतलं नाही, आता कशाला घेऊ.

आमच्या पट्ट्यात विहीर खोदली की खारं पाणी लागतं. कितीही खोल जा. डाळ शिजत नाही, साबण फुटत नाही, पाहुणा आला की पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करतो. हे असं का, यावर तिचा एक सिद्धांत होता. ती म्हणायची, इथे समुद्र होता. तो गेला, पण त्याचं थोडं पाणी खाली राहून गेलं. म्हणून आपण राहतो तो नदीचा काठ नाही, समुद्राचा काठ आहे. "तो परत आला तं? काठ असा घान दिसला तं काय म्हनन तो?" हे ती हसत बोलायची का खरंच समजून बोलायची, मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायला पाहिजे होतं. तेव्हा मी फक्त म्हणायचो, "तुह्या डोक्यात खारं पानी शिरलं."

तोच ओव्हरसियर साहेब मुंबईकडचा होता. भला माणूस. तिनं त्याला विचारलं, "साहेब, तुमी समुद्र चाखला का?"

"चाखलाय ना. लहानपणी रोज नाकातोंडात जायचा."

"मंग हे पाहा." तिनं आमच्या विहिरीचं पाणी दिलं. साहेबानं घोट घेतला आणि म्हणाला, "बाई, समुद्राच्या पुढे हे म्हणजे सरबत आहे."

ती थोडी नाराज झाली.  संध्याकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "जुना झाला असन. जुनं झालं का उतरतेच सारं."

तिला समुद्र पाहायचा होता. मी म्हणायचो, पेन्शन झाली की अकोल्याहून गाडीत बसू, मुंबईला जाऊ. ती म्हणायची, गाडीनं कशाला, ही पूर्णा तापीले मिळते, तापी समुद्राले मिळते, डोंग्यात बसलं का झालं. "पुढच्या पावसायात जाऊ." असे किती पावसाळे गेले. आता अकोल्याला लेकीकडे बसून लिहितो आहे. नळाला पाणी येतं, चांगलं गोडं येतं. मी पितो. पण पहिला घोट थुंकायची सवय लागली ती जात नाही. जावई पाहत राहतो.

तिचा एक नियम होता. डोंग्यातून जो उतरेल त्यानं उतारावरचा एक काटा उचलून बाजूला टाकायचा. आमच्याकडे बाभूळ फार, आणि लोक अनवाणी. "पाय ठेवला तं काटा उचल," हे ती प्रत्येकाला सांगायची. शेतकऱ्याला सांगायची, शिक्षकाला सांगायची, तलाठी आला त्यालाही सांगायची. तलाठ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वल्ह्याकडे पाहिलं. त्यानं उचलला.

एकदा तुळशीचं लग्न झाल्यावर पहिल्याच मुहूर्ताची वरात आमच्या डोंग्यात होती. नवरदेव मुंडावळ्या बांधून, हातात कट्यार घेऊन उतरला. ही पुढे आली. "काटा उचल बापा."

वरमाय चिडली. "अवं, नवरदेव हाय तो! त्याले काय काटे उचलाले लावतं?"

"नवरी याच वाटेनं येईन ना उद्या? तिच्या पायात गेल्यावर उचलन का?"

सगळे हसले. नवरदेव लाल झाला, पण वाकला. मुंडावळ्या मातीला लागल्या. एक नाही, त्यानं चांगले दोन-तीन काटे उचलले. दुसऱ्या दिवशी नवरी उतरली तेव्हा तो तिच्या पुढे पुढे वाटेकडे पाहत चालला होता. ते पाहून ही मला म्हणाली, "पाह्यलं? तुमी माह्यासाठी कवा उचलला?" मी म्हणालो, "मी डोंगा चालवत होतो." हे काही उत्तर झालं नाही, ते मलाही ठाऊक होतं.

आता चिंध्यांचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आलं.

पाण्याखाली बुडालेले बाभळीचे खुंट डोंग्याला फार वाईट. पाणी उतरू लागलं की ते वरून दिसत नाहीत आणि खालून डोंगा फाडतात. म्हणून तिनं काठ्या रोवल्या आणि चिंध्या बांधल्या. पांढरी चिंधी म्हणजे इथे उतरा, जवळ गोडा झिरा आहे. लाल चिंधी म्हणजे खाली खुंट आहे, इकडे येऊ नका. पांढऱ्या चिंध्या जुन्या धोतराच्या निघाल्या. लाल कापड आधी खात्याच्या बावट्याचं होतं. ते संपलं तेव्हा तिनं माझा लाल फेटा धरला. दर साली पाणी उतरलं की फेट्याचा एक तुकडा जायचा. मी बोंब मारली की म्हणायची, "तुमच्या डोक्यापक्षा डोंग्याचं बूड मोलाचं हाय." माझा फेटा असा वर्षावर्षानं आखूड होत गेला. खात्यातले लोक विचारायचे, "काय गा, फेटा धुतला का आटते?"

गावाखालच्या डोहात एक मोठा खुंट होता. तिथे तिनं उंच काठी रोवून मोठी लाल चिंधी बांधली. आठ-पंधरा दिवसांनी पाहतो तर काठीला हळदकुंकू. काठीलाच अडकवलेल्या हिरव्या बांगड्या, भोवती पाण्यावर लिंबू, नारळाचं फुटकं करटं. लोकांनी लाल चिंधी पाहिली आणि समजले की डोहात आसरा बसली. आसरा म्हणजे पाण्यातल्या देव्या. बायका त्यांना फार भितात. जिथे येऊ नका म्हणून चिंधी बांधली होती, तिथेच सारं गाव डोंगे घेऊन येऊ लागलं.

हे सुरू केलं होतं एका माळणीनं. म्हातारी होती, रोज वांग्याचं टोपलं घेऊन आमच्या डोंग्यातून पलीकडच्या बाजाराला जायची. आमच्या डोंग्यात बसायची, पण पाण्याचा तांब्या आपला आणायची.

आमची चिडली. छप्पन साली आम्ही दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. परत आल्यावर घरातले सगळे देव टोपल्यात भरून तिनं स्वतः याच डोहात सोडले होते. आता ती माळणीपुढे कंबरेवर हात देऊन उभी राहिली.

"अवं बुढे, हा देव नाही. हा खुंट हाय."

माळीण म्हणाली, "तुले काय मालूम? तुमी तं देव सोडले."

"सोडले म्हनूनच मालूम! अथीच सोडले. म्या सोडलेल्या देवात हे नव्हती."

"मंग नवी आली असन," माळीण म्हणाली.

  दुसऱ्या दिवशी जाऊन हिनं ती चिंधी काढून टाकली. चिंधी नाही तर देव नाही, असा तिचा हिशेब.

त्याच आठवड्यात माळीण एका भोयाच्या डोंग्यातून चालली होती. डोंगा बरोबर त्याच खुंटावर गेला. बूड फाटलं. पाणी छातीएवढं होतं म्हणून बरं. माळणीला भोयानं धरून काठाला आणलं, पण टोपलं उलटलं आणि सगळ्या डोहभर वांगी तरंगू लागली. आम्ही डोंगा काढून वांगी गोळा करत फिरलो. माळीण काठावर ओली चिंब बसून ओरडत होती, "आसरा कोपली! तिचं निशान काढलं कोनं, ते कोपली!"

ही डोंग्यातून ओरडत होती, "आसरा नाही कोपली! खुंट लागला! वांगं धर तिकडचं!"

चिंधी परत बांधावी लागली. माळणीला वाटलं आपण जिंकलो. हिलाही वाटलं आपण जिंकलो. माझ्या फेट्याचा आणखी एक तुकडा गेला.

ही गोष्ट सांगून मी पुष्कळ वेळा लोकांना हसवलं आहे. पण पुढे जे झालं ते हसण्यासारखं नाही.

ज्या झिऱ्याचं मी सुरुवातीला सांगितलं तो त्या डोहाच्या खालच्या अंगाला होता. त्याच्याएवढं गोडं पाणी साऱ्या पट्ट्यात नव्हतं. तो तिनंच शोधला. रेती चाखत चाखत. खरंच, ओली रेती जिभेवर ठेवून. आधी गावातल्या बायका त्या झिऱ्यावर येईनात. बाजूला आपले खड्डे खोदायच्या, पाणी मचूळ लागायचं. मग एक साल पाऊस कमी झाला. बायका आल्या. "सरकारी झिरा हाय," म्हणाल्या आणि घागरी बुडवल्या.

ही तिथेच उभी होती. "सरकारी नाही. माह्या हातचा हाय. पटते तं भरा."

बायकांनी ऐकलंच नाही असं केलं. घागरी भरल्या आणि चालू लागल्या. असं किती वर्षं चाललं. त्या म्हणायच्या सरकारी, ही म्हणायची माह्या हातचा, आणि त्या बहिऱ्या व्हायच्या. मी म्हणालो, "काहून सांगतं? भरू दे ना." ती म्हणाली, "भरू देतोच ना म्या. फक्त खरं काय ते सांगतो." तशीच बोलायची ती, बाप्याच्या बोलीत. मी कित्येकदा टोकलं.

त्या डोहात दाजी अंबाडी सडवू लागले. दाजी म्हणजे गावातले मोठे शेतकरी, सारं गाव त्यांना दाजीच म्हणायचं. माणूस वाईट नव्हता. अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात दाबून ठेवायच्या, सडल्या की साल सोलायची, दोर वळायचे. सगळेच करायचे. पण पेंढ्या सडल्या की पाणी काळं होतं, वास सुटतो, मासे उलटे पडतात. आणि ते पाणी रेतीतून झिऱ्यात यायचं. झिऱ्याला नासकी चव आली. बायका गोडं पाणी नेऊन घरी शिव्या द्यायच्या, आणि त्यांचेच नवरे डोहात पेंढ्या टाकायचे.

ही दाजीकडे गेली. मीही बरोबर गेलो, दाराबाहेर उभा राहिलो. दाजी ओट्यावर होते.

"खलाशीणबाई, नदी काय तुह्या बापाची हाय?"

"बापाची असती तं मंग बापानं पाह्यलं असतं. कोनाचीच नाही म्हनून तं कोनी पाहून नाही राहिलं."

"मंग सडवू कोठी? माह्या डोक्यावर?"

"म्या खड्डा करून देतो. तुमच्याच पडीक जागेत. पावसाचं पानी साचते तथी."

तिनं खरंच खड्डा केला. दोन महिने सकाळी घरचं आवरून ती कुदळ घेऊन जायची. मी सुटीच्या दिवशी जायचो. दाजी येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "वा." ज्या साली पाऊस भरपूर व्हायचा त्या साली खड्डा भरलेला राहायचा आणि दाजी तिथे अंबाडी टाकायचे. पाऊस कमी झाला की परत डोहात. मग ही पाण्यात उतरून पेंढ्या एक-एक ओढून काठावर टाकायची. दुसऱ्या दिवशी दाजीचे गडी परत पाण्यात टाकायचे. ही परत काढायची. सडक्या अंबाडीचा वास तिच्या अंगाला असा बसला होता की पाहुणे आले तर ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायची.

मला ते पाहवत नव्हतं. एक दिवस मी म्हणालो, "एक लाल चिंधी बांध. डोहाच्या कडंले, पेंढ्या हायेत तथी. बस. दुपारपर्यंत दाजी स्वतः पेंढ्या काढीन. आसरेच्या पुढं त्याचं काही चालत नाही."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मला वाटलं, तिला पटलं.

"खुंट हाय का तथी?"

"नाही."

"मंग चिंधी कशाची?"

"अवं, झिरा वाचते ना!"

"वाचते. पन मंग ते आसरेचं पानी होईन. या डोहात देव सोडले ते काय चिंधी बांधून परत काढाले?" मग म्हणाली, "लाल म्हंजे खुंट. लोकाईले तेवढं तरी खरं मालूम असू द्या."

त्या दिवसापासून मी तो विषय काढला नाही. ती पेंढ्या काढत राहिली. पुढे पूल झाला, एस.टी. सुरू झाली. डोंग्यातून जाणारे कमी झाले. उतारांवर काटे वाढले, कारण उतरणारेच नव्हते. तरी ती डोंगा घेऊन जायची, कोणी येवो न येवो. मी म्हणायचो, आता कोणासाठी? ती पुलाकडे पाहायची. "हे सारे वरून जाऊन राहिले. खाली कोन पाह्यते?" पुलावरून जाणाऱ्या एस.टी.तले लोक तिला पाहून हात करायचे. तीही हात करायची. त्यांना काय वाटत असेल, कोण ही बाई रेतीत.

तर ती मार्गशीर्षाची सकाळ. भाकर खाल्ली. वरच्या अंगाला डोहात दाजीच्या पेंढ्या होत्याच, त्या साली पाऊस कमी झाला होता. मी घमेलं, कुदळ डोंग्यात ठेवायला गेलो. ती म्हणाली, "तुमी चला, म्या थोडी बसतो." पांढऱ्या चिंधीच्या काठीला पाठ टेकून बसली. मी डोंग्यातलं साचलेलं पाणी काढलं, दोर गुंडाळला, हाक मारली. उत्तर नाही. मला वाटलं मघाच्या रेतीवरून रुसली. मी मुद्दाम आणखी उशीर लावला. मग गेलो. ती बसलेलीच होती. पदर मांडीवर होता, त्यात भाकरीचे कण होते, आणि एक मुंगी कण घेऊन चालली होती.

आमच्या वस्तीतले लोक आले. लेकीला अकोल्याला निरोप गेला, ती संध्याकाळच्या आत पोचली. काठावरच सगळं केलं. आमच्यातल्या एकानं त्रिशरण म्हटलं. गावातले लोक वर दरडीवर उभे होते. दाजीही होते. कोणी खाली आलं नाही, पण कोणी गेलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झिऱ्यावर गेलो. घरात बसवत नव्हतं.

आधी मला कळलंच नाही काय बदललं. मग दिसलं. डोहात एकही पेंढी नव्हती. सगळ्या अंबाडीच्या पेंढ्या वर काठावर ओढून टाकलेल्या, दाजीच्या गड्यांनी अंधारातच काढल्या असाव्यात. पाणी वरून मोकळं. जे ती इतकी वर्षं मागत होती ते एका रात्रीत झालं होतं.

आणि झिऱ्याजवळच्या काठीला, पांढऱ्या चिंधीला, हळदकुंकू लावलं होतं. खाली जिथे ती बसली होती तिथे हिरव्या बांगड्या, लिंबू, खणाचा तुकडा. आसरेनं बाई नेली म्हणून, का बाईच आसरा झाली म्हणून, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मी खाली बसलो. खरं सांगतो, माझ्या मनात आलं की राहू द्यावं. झिरा वाचला होता. कोणी आता पेंढ्या टाकणार नाही. गुरं धुणार नाही. तिचं काम झालं, आणि तिला नावही मिळालं, तेही देवाचं. मी फक्त गप्प बसायचं होतं.

मग मी ओंजळभर पाणी घेऊन ती काठी धुतली. कुंकू लवकर निघेना. चिंधी सोडून पिळून परत बांधली. बांगड्या आणि लिंबू उचलून खणात गुंडाळले.

वरून माळीण उतरत होती. फार थकली होती आता, बाजार कधीच सोडला होता. एका हातात लहान घागर, दुसऱ्या हातात नारळ. मला पाहून थांबली.

"काहून पुसून राहिला बापा? तिचंच हाय ना ते."

"आसरा नाही हे," मी म्हणालो. "माही बायको होती. खोदता खोदता गेली. दाजीले सांग, भ्याचं काही काम नाही. पेंढ्या परत टाकतो म्हनीन तं टाक म्हना. मी काढीन."

 मी झिऱ्याकडे बोट केलं. "हा तिच्या हातचा हाय. सरकारी नाही. पटते तं भर."

मला वाटलं आता ही बहिरी होणार.

ती म्हणाली, "मालूम हाय रे. सारं गाव तिच्याच हातचं पेलं." वाकली आणि घागर बुडवली. भरल्यावर हातातल्या नारळाकडे पाहू लागली. "मंग हे कोठी ठेवू?"

"घरी ने, चटनी कर. ठेवाचंच असन काही, तं एक काटा उचल."

म्हातारीनं घागर खाली ठेवली. तिला वाकताना त्रास होत होता. तिनं वाटेवरचा एक काटा उचलला, बाजूला टाकला. मग आणखी एक.

मी डोंगा सोडला. खुंटाची चिंधी बदलायची राहिली होती. खुंटापाशी जाऊन डोक्यावरचा फेटा काढला, त्याचा एक तुकडा फाडून काठीला बांधला, आणि जो रुमालाएवढा उरला तो परत डोक्याला गुंडाळला.